डोमाचा ठसका

बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून मनसाराम एक इंग्रजी वाक्य उचलून आला होता, "आय कुडंट केअर लेस." म्हणजे काडीचीही पर्वा नाई. विधवा होऊन माहेरी परतलेल्या भागीरथेचं नाव निघालं की तो हेच म्हणे. भाजी करपली तर मात्र गुमान खाई. त्याच्या बायकोला, कुंताला, तिथंच शंका आली. ज्याची पर्वा नाही, त्याची दवंडी कोण पिटतं?

तलावावर मासळीचे वाटे पडत, तेव्हा मनसाराम पाठ करून उभा राही. त्याचा जोडीदार डोमा एकेका वाट्यावर बोट ठेवी, मनसाराम न पाहता घरधन्याचं नाव घेई. तरी मोठी मरळ दर खेपेला भागीरथेलाच जाई. त्याआधी डोमा खाकरतो, हे कुंताने हेरलं.

त्या दिवशी तिने डोमाला जहाल तंबाखू दिला. चार बारीक चिंगळ्यांच्या वाट्यावर त्याला ठसका लागला.

"हा कोणाचा?"

"भागीरथेचा!" मनसाराम ओरडला.

मरळ म्हाताऱ्या रुखमाबाईला गेली. मनसारामने वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"काऊन जी, पर्वा नाई ना तुमाले?" कुंता म्हणाली.

सांजेला त्याने विचारलं, "मले वाढत नाई का?"

कुंताने तेच इंग्रजी वाक्य म्हटलं आणि ताटावरून मान वर न करता जेवत राहिली.