नंदाखालच्या दोन हनुवट्या

नालासोपाऱ्याहून निर्मळची एस.टी. सुटली तेव्हा मी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी खुशीत होते. माझ्या भावाने नालासोपाऱ्यात नवा फ्लॅट घेतला होता, तो बघायला मी सांगलीहून आले होते. दोन दिवस नुसत्या इमारती बघितल्यावर वहिनी म्हणाली, "निर्मळला जाऊन या. देऊळ आहे, तलाव आहे, डोळे निवतील." स्टेशनची गर्दी मागे पडली, एक वळण आलं आणि दोन्ही बाजूंना एकदम केळीच्या बागा सुरू झाल्या. मधूनमधून नारळ, कुंपणावर जास्वंद, सायकलीला भाजीच्या जुड्या बांधून निघालेली माणसं. मी खिडकीतून मान बाहेर काढली, तर कंडक्टर ओरडला.

आता इथे माझी एक खोड सांगायला हवी. मी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि त्या वर्षी एका जाडजूड इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करायला घेतलं होतं. या इंग्रज लेखकांची एक तऱ्हा असते. नवीन माणूस आला की ते त्याला दारातच उभं करतात. कपाळ केवढं, भुवया कशा, नाकाचा शेंडा वर की खाली, हनुवटी निश्चयी की दुबळी, टोपीची रिबीन कुठल्या रंगाची आणि कोटाची कोपरं किती झिजलेली, हे सगळं सांगून होईपर्यंत त्या बिचाऱ्याला कोणी "या, बसा" म्हणत नाही. आपल्याकडे "नाकीडोळी नीटस" म्हटलं की काम झालं. हनुवटी दुबळी कशी असते, हे मला भाषांतर करताना काही केल्या कळेना. म्हणून मी दिसेल त्या माणसाचा चेहरा इंग्रजी पद्धतीने मनात लिहून काढायचा सपाटा लावला होता.

त्या दिवशी माझ्या तावडीत सापडली दाराजवळच्या आडव्या बाकावरची एक बाई. वय पन्नाशीच्या पुढे. नाक आखूड, डोळे घारे, भुवया मध्ये जुळलेल्या आणि डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर, त्यामुळे ती कायम काहीतरी विचारते आहे असं वाटायचं. हनुवटीला मधोमध खोल खळी. अंगावर जांभळी साडी, तिला पांढरा काठ. आणि खुशी तर अशी, की सगळ्या बसला वाटूनही उरली असती. तिच्या मुलीचं त्याच दिवशी चार वाजता चर्चमध्ये लग्न होतं. मुंबईला कशिदा करायला दिलेली व्हेल (नवरीच्या डोक्यावरची पांढरी जाळीची ओढणी) ती स्वतः जाऊन घेऊन आली होती.

"मग व्हेल लावनार कोन?" शेजारच्या म्हातारीने विचारलं.

"आमच्या घरात मावशी लावते," बाई म्हणाली. "आता लावेल कोणीतरी." तेवढं बोलताना तिची ती वर चढलेली भुवई खाली आली, उजवीच्या बरोबरीला. मी मनातल्या मनात तेही टिपलं.

पुढे बागांच्या नादात ती कुठे उतरली, मी पाहिलंच नाही. निर्मळला तलावाच्या पायरीवर बसून थालीपिठाचा डबा काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला लागली मऊ, गार जाळी! वहिनीने मला दिलेली पिशवी आणि तिची, दादरच्या एकाच साडीच्या दुकानाच्या दोन लाल पिशव्या दाराजवळ शेजारीशेजारी ठेवलेल्या, आणि तिने उतरताना माझी उचललेली. इंग्रजी कादंबरी आणि थालीपीठ लग्नघरी पोचलं होतं आणि नवरीची व्हेल माझ्या मांडीवर. उन्हं डोक्यावर आली होती. मी पिशवी उचलून धावतच निघाले.

देवळाबाहेर एक रिक्षावाला उभा होता. त्याला सगळं सांगितलं. तो मिठागराकडच्या गावचा, बोलायला मोकळा.

"ताई, जानेवारी म्हना की लग्नं. आज या पट्ट्यात चार गावांत चार लग्नं हायेत. बाई दिसायला कशी?"

मी साडीपासून सुरुवात केली. जांभळी, पांढरा काठ.

"ती साडी घरी जाऊन कवाच बदलली आसंल. तोंड सांगा, तोंड."

मग मी इंग्रज लेखकाला लाजवेल असं वर्णन सुरू केलं. नाक, डोळे, भुवया. रिक्षावाला डोकं खाजवत राहिला. पण शेजारी अबोलीच्या वेण्या विकायला बसलेली बाई माझ्या बोलण्याकडे कान देऊन होती. हनुवटीच्या खळीवर मी आले आणि तिने हातातली वेणी खाली ठेवली.

"ती तर नंदाखाल गावची रेजिना. तिच्या बापालाबी तशीच खळी होती. वाडीत दोन विहिरी हायेत बघा, तेच घर."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. रिक्षा निघाली. काय तो रस्ता! दोन्हीकडून केळीची पानं रिक्षाला घासत होती आणि मी पिशवी छातीशी धरून बसले होते. एका कुंपणापाशी रिक्षावाला थांबला. आत दोन विहिरी दिसत होत्या, पण मांडव नव्हता. ते तेव्हाच खटकायला हवं होतं. मी धावत ओटा चढले, दार वाजवलं आणि दार उघडलं.

तीच! आखूड नाक, घारे डोळे, जुळलेल्या भुवया, डावी वर, हनुवटीला खळी. फक्त साडीऐवजी घरातला फुलाफुलांचा गाऊन.

"ही घ्या तुमची व्हेल," मी धापा टाकत म्हटलं. "सापडलात एकदाच्या."

बाई पिशवीकडे बघत राहिल्या. "कोणाची व्हेल?"

"तुमच्या मुलीची. आज लग्न आहे ना?"

"मला मुलगी नाही," त्या म्हणाल्या. "दोन मुलगे आहेत, दोघं आखाताला."

मी तिथेच ओट्यावर बसले. एकही अवयव चुकला नव्हता आणि माणूस चुकलं होतं. रेजिनाबाईंनी मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ती मोनिका. माझी धाकटी बहीण. उमराळ्याला दिली आहे. मी रिक्षावाल्याला घर सांगते, तुम्ही नेऊन द्या."

"आणि तुम्ही? पत्रिका नाही आली?"

"आली." त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "माझ्या थोरल्याच्या लग्नात ती भरल्या मांडवातून न जेवता उठून गेली. कशावरून, ते आता तिलाही आठवत नसेल. तेव्हापासून बोलणं नाही."

परक्या माणसाने अशा वेळी काय बोलावं? उपदेश मला जमत नाही. मला जमतं ते वर्णन. मी त्यांना बसमधली मोनिका सांगितली, जशी पाहिली तशी. ती खुशी, ते सगळ्यांना सांगत सुटणं, म्हातारीचा तो प्रश्न. "आमच्या घरात मावशी लावते, असं म्हणाल्या. आणि मग ती डावी भुवई खाली आली."

रेजिनाबाईंनी हात आपल्या भुवईवर नेला. "लहानपणी रडू दाबलं की तिची ती भुवई खाली यायची," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, दोघींची येते."

त्यांची खाली आलेलीच होती. मी दुसरीकडे बघितलं.

"जरा थांबा," म्हणून त्या आत गेल्या. मी घड्याळाकडे बघत ओट्यावर चुळबुळत होते, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आणि बाहेर आल्या तेव्हा मी उठून उभीच राहिले. लाल चौकड्यांचं लुगडं, घडी न् घडी इस्त्रीची, चोळीची बाही कडक, गळ्यात सोनं, अंबाड्याभोवती अबोलीची वेणी. एवढ्याशा वेळात लुगड्याला इस्त्री होत नाही, टीचरलाही एवढं कळतं. वेणीवर पाणी शिंपडून ती केळीच्या पानात जपून ठेवलेली असावी, कारण देठाशी पानाचा एक हिरवा तुकडा चिकटून होता. लग्नाला न जाणाऱ्या बाईची ही सगळी तयारी पाहून मला इतका आनंद झाला की मी हाताला धरून त्यांना रिक्षात बसवलं.

उमराळ्याच्या मांडवात गोंधळ माजला होता. मोनिकाबाईंनी माझ्या शोधात दोन माणसं निर्मळला पिटाळली होती. त्यांना माझं वर्णन काय सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं: "चष्मेवाली, माणसाकडे टक लावून बघते." आमची रिक्षा थांबली आणि मोनिकाबाई पायऱ्या उतरून आल्या. तोवर त्यांनीही लाल लुगडं नेसलं होतं. पिशवीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"पोरगी कुठे आहे?" रेजिनाबाईंनी विचारलं. "व्हेल लावायची आहे ना?"

मोनिकाबाईंनी घराच्या दाराकडे हात केला.

"आणि मी जेवूनच जाणार आहे," रेजिनाबाई म्हणाल्या आणि पायऱ्या चढल्या.

मिस्सा (चर्चमधली मोठी प्रार्थना) वेळेवर सुरू झाली. व्हेल मावशीनेच लावली होती, हे मला शेवटच्या बाकावरूनही दिसत होतं, कारण मावशी पुन्हापुन्हा पुढे होऊन ती सारखी करत होती. मग जेवण झालं, बँड वाजला, म्हाताऱ्या बायका लुगडी सावरत नाचल्या आणि मलाही नाचायला ओढलं. कादंबरी तेवढी परत मिळाली, माझं थालीपीठ नवरीच्या भावांनी केव्हाच संपवलं होतं. निघताना दोघी बहिणी मला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. दोघींनी मिळून एक भलामोठा केक माझ्या हातात कोंबला.

रिक्षा सुरू झाली. त्या भल्या माणसाने लग्न संपेपर्यंत मुक्काम ठोकला होता आणि जेवणावर ताव मारला होता. त्याने आरशात बघितलं आणि विचारलं, "ताई, यातली बसमधली कोन?"

मी मागे वळले. दोन लाल लुगडी, दोन अबोलीच्या वेण्या, दोन हनुवट्या, दोन्ही डाव्या भुवया वर. सांगलीपासून नालासोपाऱ्यापर्यंत मी इतके चेहरे लिहून काढले होते, आणि या दोघींत मला काडीचाही फरक सापडेना.

"कोण जाणे," मी म्हटलं, आणि स्टेशन येईपर्यंत मला हसू आवरेना.