डेल्फ्टपर्यंतचं ‘अहो’

आमच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि एवढ्या काळात बायकोने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. पुढे मी ‘अहो’ झालो. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. आमच्या पिढीतले पुण्यातले निम्मे पुरुष याच नावाचे आहेत. या शब्दाची गंमत अशी, की तो कुणालाही चालतो. भाजीवाल्याला अहो, कंडक्टरला अहो, पत्ता विचारायचा तर रस्त्यावरच्या परक्या माणसाला अहो, आणि नवऱ्यालाही अहोच. फरक असतो तो सुरात. परक्याला मारलेल्या हाकेत ‘हो’ वर चढतो, कारण तो माणूस वळेल की नाही याची खात्री नसते. नवऱ्याच्या हाकेत तो खाली उतरतो, आणि पुढे थोडी जागा सोडलेली असते, कारण हा गृहस्थ पहिल्या हाकेला ओ देणार नाही हे बाईला पक्कं ठाऊक असतं. रविवारी सकाळी मंडईच्या गर्दीत चहूकडून अहो अहो चाललेलं असताना मी माझं अहो बिनचूक ओळखायचो. ओ मात्र दुसऱ्या हाकेलाच द्यायचो.

मी खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. सगळी नोकरी तिथल्या क्वार्टर्समध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला. ती शाळेत भूगोल शिकवायची. हॉलंड हा तिचा लाडका धडा होता. समुद्रापेक्षा खाली असलेली जमीन, तिला घातलेले बांध, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या. ते लोक पाणी उपसायचं थांबले तर देशच राहणार नाही, असं ती वर्गात सांगायची आणि घरी येऊन मलाही सांगायची. जाऊ की एकदा बघायला, असं मी म्हणायचो. असं म्हणायला काही लागत नाही.

मग ती विसरायला लागली. आधी शब्द गेले. चमच्याला ‘ते हे’ आणि फ्रिजलाही ‘ते हे’. मग आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. एके दिवशी ती रिक्षा करून खडकीला गेली आणि आमच्या जुन्या क्वार्टरच्या दारात उभी राहून तिथल्या बाईला विचारू लागली, की तुम्ही आमच्या घरात काय करताय. त्या बाईने बिचारीने तिला आत बसवून चहा दिला आणि शेजारच्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. डॉक्टर सगळे कागद बघून म्हणाले, हे आता वाढत जाणार, काय करायचं असेल ते लवकर करून घ्या. मी घरी आलो आणि सहलीच्या कंपनीला फोन लावला.

मुलगा म्हणाला, “बाबा, आर यू सीरियस? आईला तिथे मॅनेज कसं करणार?” मी म्हटलं, इथे करतो तसंच, फक्त स्वेटर घालून. त्याला राग आला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला हाव सुटली होती. मला एक दिवस हवा होता. तिने हॉलंडच्या जमिनीवर उभं राहावं, आपण कुठे आहोत हे तिला कळावं, आणि शेजारी कोण उभं आहे हेही कळावं. यापलीकडे मला त्या सहलीकडून काही नको होतं.

युरोपच्या त्या दौऱ्यात हॉलंडच्या वाट्याला अर्थातच एक दिवस आला होता. एक देश एका दिवसात उरकायचा, यात आपल्या सहल कंपन्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. सकाळी जुनं डेल्फ्ट, दुपारी नवं रॉटरडॅम, संध्याकाळी परत हॉटेलात जेवायला वरणभात. आमची टूर लीडर पुण्याचीच मुलगी होती, मिटलेल्या छत्रीला भगवी ओढणी बांधून ती उंच धरायची आणि आम्ही सगळे ज्येष्ठ नागरिक त्या ओढणीमागे निघायचो. बसमध्ये एक डच गाइड होता, उंच, वयस्कर, सावकाश बोलणारा. तो इंग्रजीत बोलायचा आणि मुलगी त्याचं आमच्यासाठी मराठी करायची.

ॲमस्टरडॅम सोडल्यावर तो काही तरी म्हणाला आणि मुलीने माइक घेतला. “सो आत्ता आपली बस सी लेव्हलच्या खाली चाललीये, ओके?”

“ओके काय? नीट सांगा त्यांना,” खिडकीपाशी बसलेली माझी बायको म्हणाली.

आणि ती उठून उभी राहिली. पुढच्या सीटची पाठ धरून तिने अख्ख्या बसला सांगितलं, की इथे पूर्वी तळं होतं, माणसांनी भोवती बांध घातला, पवनचक्क्यांनी आणि नंतर पंपांनी पाणी उपसलं, आणि तळाशी जी जमीन लागली तिच्यावरून आपण आता चाललो आहोत. एकही शब्द अडला नाही. ‘ते हे’ एकदाही आलं नाही. शेवटी तिने कुणाला काही शंका आहे का असंही विचारलं. मागच्या सीटवरचे एक काका टाळ्या वाजवायला लागले. मी बाहेर बघत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि बसमधल्या लोकांना ते दाखवायची मला गरज वाटत नव्हती.

डेल्फ्टमध्ये कालव्यांच्या कडेने आम्ही चाललो. विटांचे छोटे कमानीचे पूल, अरुंद घरं, एका चर्चचा कललेला मनोरा, दुकानांतून निळी-पांढरी भांडी. गावाला कुठलीही घाई नव्हती. ती एका पुलावर थांबली आणि खाली पाण्याकडे बघत म्हणाली, “अहो.”

‘हो’ खाली उतरला होता, आणि पुढे जागा सोडलेली होती. मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

“आज लगेच?” ती म्हणाली आणि हसली. मग मला पुलाच्या कठड्याशी ओढून तिने दाखवलं, पाणी आणि रस्ता कसे जवळजवळ एका पातळीला आहेत ते. मी सांगायची ना, म्हणाली. मी म्हटलं, सांगायचीस. चौकातल्या बाकावर बसून आम्ही घरून आणलेले लाडू खाल्ले. तिने माझ्या स्वेटरवर सांडलेला चुरा हाताने झटकला, नेहमीसारखा, जरा जोरातच. डॉक्टरांना काय कळतंय, असं माझ्या मनात आलं. मला तिथेच बसून राहायचं होतं. पण छत्री वर झाली आणि भगवी ओढणी बसकडे निघाली.

रॉटरडॅमला उतरताना गाइड सांगत होता, की युद्धात या शहरावर बॉम्ब पडले, मधलं सगळं गाव जळून गेलं, आणि मग इथल्या लोकांनी जुनं पुन्हा उभारण्याऐवजी सगळं नवंच बांधलं. काचेचे मनोरे, कोपऱ्यावर उभी केल्यासारखी पिवळी तिरकी घरं. परत आलेल्या माणसांना आपली गल्ली कुठे होती तेही सापडेना, असं तो म्हणाला. “म्हणजे टोटली न्यू सिटी,” मुलीने मराठी केलं. तोपर्यंत माझी बायको मला दोनदा विचारून चुकली होती, की खडकीची बस इथूनच सुटते का. दमली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तिथे एक नवा बाजार आहे. प्रचंड मोठी कमान, तिच्या पोटात भाज्या-फळांची दुकानं, आणि आतून छतभर रंगवलेली अवाढव्य फळं. आपल्या मंडईला कुणी काचा बसवून रंग दिला तरी असं दिसेल की नाही कोण जाणे. मान वर करून मी ते छत बघत होतो. खाली पाहिलं तर माझ्या हातात तिचा हात नव्हता.

मी “अगं” अशी हाक मारली. आमच्याच ग्रूपमधल्या चार बायका एकदम वळल्या, आणि त्यांत ती नव्हती. पुन्हा जोरात मारली, पुन्हा त्याच वळल्या. मग मी तिला नावाने हाक मारायला लागलो. घराबाहेर मी कधीच तसं केलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून ते नाव दुसऱ्याच कुणाचं असावं तसं ऐकू येत होतं. मी दुकानांमधून वाट फुटेल तिकडे पळत होतो.

ती सापडली ती एका भाजीच्या दुकानापाशी. तिथे भेंडी होती. आणि आपल्याकडची कुठलीही बाई जे करते तेच ती करत होती, एकेक भेंडी उचलून तिचं टोक मोडून बघत होती, कोवळी आहे की जून. मोडलेल्या भेंड्यांचा छोटा ढीग झाला होता. दुकानदार लालबुंद होऊन तिच्यावर ओरडत होता आणि ती त्याला शांतपणे मराठीत सांगत होती, की अहो, जून भेंडी देऊ नका, घरी चालत नाही. टूर लीडर धावत आली आणि त्या माणसाची समजूत घालू लागली. मी पुढे होऊन बायकोचं कोपर धरलं.

तिने कोपर सोडवून घेतलं. माझ्याकडे बघितलं. आणि ‘हो’ वर चढवून, अगदी सभ्यपणे म्हणाली, “अहो, आमचे हे इथेच होते. तुम्ही पाहिलंत का त्यांना?”

मी म्हणालो, “येतीलच. तोवर मी थांबतो तुमच्याजवळ.”

“थांबा,” ती म्हणाली. “त्यांना एका हाकेत ऐकू येत नाही.”

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, मध्ये पर्स ठेवून, परक्या पुरुषाशेजारी बसावं तशी. थोड्या वेळाने तिने डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. घ्या ना, संकोच करू नका, घरचे आहेत. लाडू मीच बांधले होते, कारण तेव्हा वर्षभर स्वयंपाक मीच करत होतो. मी एक घेतला. खिडकीबाहेरून तीच सखल जमीन आणि तेच कालवे मागे जात होते. गाइड पंपांबद्दल पुन्हा काही सांगू लागला आणि मी तिच्याकडे पाहिलं, ती उठून उभी राहील म्हणून. ती बोटाने पर्सची चेन उघडत-मिटत बसली होती. मला रडू आलं नाही. बस थांबवून, खाली उतरून, तिला पुन्हा त्या पुलावर नेऊन उभं करावं, एवढं एकच डोक्यात होतं. तसं कुणी करत नाही. रांगेने सगळे हॉटेलात गेले आणि वरणभात जेवले.

याला आता वर्ष उलटून गेलं. मला वाटलं होतं, पुण्याला आल्यावर ती आपल्या माणसांत येईल. नाही आली. ती दिवसभर अहो म्हणते. दूधवाल्याला म्हणते, तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींना म्हणते, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्याला म्हणते आणि मलाही म्हणते. सगळ्यांत ‘हो’ वर चढलेला असतो. मी मात्र आता प्रत्येक हाकेला ओ देतो, टीव्हीला मारलेल्या हाकेलासुद्धा. नातेवाईक भेटायला येतात आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, की आतून ओळखतात हो त्या तुम्हाला. आतून म्हणजे नेमक्या कुठल्या खोलीतून, असं एकदा विचारायचं आहे. त्यांना चहा मीच करून देतो. ते गेले की कपबशा विसळताना मला वाटतं, की मी आता या घरात कुणाचाच कुणी नाही. हे बरं होणार नाही. मी फक्त ते वाढताना बघतो आहे.

परवा संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो. आतून हाक आली. “अहो.”

मी जागीच थबकलो. ‘हो’ खाली उतरला होता. पुढे जागा सोडलेली होती, तेवढीच, नेहमीची. डेल्फ्टनंतर पहिल्यांदा. हातातले कपडे तिथेच टाकून मी धावलो, ओ देत देत, खुर्चीला धडकत, आणि बेडरूमच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती. माझ्या खांद्यावरून मागे, बाहेरच्या दाराकडे बघत होती.

“तुम्हाला नाही हो,” ती म्हणाली. “ह्यांना हाक मारतेय.”

मी दारातून बाजूला झालो, त्यांना आत यायला वाट राहावी म्हणून.