सांता मारियाच्या कॉफीत साबण

रागाच्या भरात बायका माहेरी जातात. मी कोस्टा रिकाला गेले.

झालं असं की आमचा निनाद तीन वर्षांपूर्वी इंदूरच्या विमानतळावर आमच्या पाया पडला, ‘येतो’ म्हणाला आणि कंपनीच्या प्रोजेक्टवर तिकडे सान होसे शहरात गेला. प्रोजेक्ट होता एका वर्षाचा. पुढे प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायला लागला, ‘अगं आई, आत्ता येतोच आहे.’ तीन दिवाळ्या मी छत्रीबागेतल्या घरी दोघांपुरत्या चकल्या तळल्या आणि गल्लीत सगळ्यांना सांगत राहिले, आत्ता येतोच आहे. यंदा पण तेच ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, तो येत नाही ना? मग अपन जाऊ. काढा तिकिटं.’ आमचे विलासराव सांवेर रोडच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून कशालाच नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि त्यांना बोलायचा कंटाळा.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगून टाकते. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता, म्हणून कोस्टा रिकाचा वेगळा काढावा लागला नाही. पण हे नियम बदलत असतात, माझ्या भरवशावर राहू नका, निघायच्या आधी तपासा. इंदूर, दिल्ली, युरोप, मग सान होसे. पाय सुजतात. मोठे मोजे घ्या. आणि सेंव चेक-इनच्या बॅगेत टाका, हातात ठेवली तर विलासरावांसारखं माणूस युरोप यायच्या आत संपवतं.

सान होसेला शिक्का मारणारा पोरगा गोड हसून म्हणाला, ‘पुरा विदा!’ विलासराव माझ्या कानात म्हणाले, ‘काय लोक आहेत! आल्याआल्याच बिदाई?’ नंतर कळलं की हा त्यांचा रामराम. नमस्कार, आभार, मजेत आहे, काही हरकत नाही, सगळ्याला एकच शब्द. अर्थ म्हणे ‘निखळ आयुष्य’. ब्लॉगवाले ह्या शब्दावर फिदा असतात. मला मात्र पहिल्या मिनिटापासून तो कानाला टोचला. मुलाला न्यायला आलेल्या आईला ‘पुरा विदा’ म्हणतं का कोणी?

निनाद बाहेर उभा होता. वाळलेला, काळवंडलेला, आणि मागे चिखलाने माखलेली पिकअप गाडी. मी म्हटलं, ‘ही कुणाची?’ तर म्हणाला, ‘एका ओळखीच्यांची. चला, आधी डोंगरात जाऊ, मस्त हवा आहे.’ त्याच्या नखांत माती होती. कम्प्युटरवर काम करणाऱ्याच्या नखांत माती कुठून येते? मी विचारलं नाही. पोटात ठेवलं.

सान होसेहून कार्तागो गाव मागे टाकलं की हायवे चढायला लागतो आणि ढग थेट रस्त्यावर येऊन बसतात. एम्पाल्मे नावाच्या तिठ्यावर उजवीकडे वळून खाली उतरलं की लोस सांतोसचा भाग, म्हणजे कॉफीचा. बस पण जाते, दोन-अडीच तासांत पोचवते. वळणं अशी की माळव्याच्या सपाटीवरच्या माणसाचं पोट तोंडाशी येतं. लिंबू जवळ ठेवा, स्वेटर पण.

वाटेत जागोजाग पाटी, ‘सोदा’. विलासराव खूश. एका ठिकाणी गाडी थांबवून आत गेले आणि हाताने लिंबू पिळून दाखवत म्हणाले, ‘सोडा. नींबू सोडा.’ पोरीने मान डोलावली आणि भात, राजमा, तळलेलं केळं नि कोबी अशी भरलेली थाळी आणून ठेवली. तिकडे ‘सोदा’ म्हणजे खानावळ, भिया! थाळी आपल्या सहा-सातशे रुपयांत येते आणि दोघांना पुरते. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही. मी तेच सांगितलं आणि माझ्या थाळीत कोंबडी आली. कोंबडी म्हणजे काही मांस नव्हे, असा त्यांचा हिशोब. पोरगी परत हसून ‘पुरा विदा’ म्हणाली. मी निनादकडे बघितलं, तर तो पण हसत होता.

सांता मारिया दे दोता हे गाव दिसतं मात्र इतकं सुंदर की मला त्याचाही राग आला. चारी बाजूंनी अंगावर येणारे डोंगर, त्यांवर थेट वरपर्यंत कॉफीच्या रांगा, मध्ये लाल-निळ्या पत्र्यांची घरं, एक चर्च, एक बाग, खाली नदी. जानेवारीत झाडं लाल बोरांसारख्या फळांनी लगडलेली असतात आणि हवेला थोडा आंबूस वास येतो. जायचं तर तेव्हाच जा.

उतरलो दोन्या फ्लोर ह्यांच्या घरी. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, भरघोस हसणाऱ्या बाई. घरामागे त्यांची कॉफीची छोटी गिरणी, म्हणजे फळांची साल काढून बिया धुवायचं आणि वाळवायचं काम. ‘दोन्या’ म्हणजे आपलं ‘जी’, फक्त नावाच्या आधी लावायचं. मी तिकडे दोन्या विद्या झाले. हे लोक लहान मुलांना, अगदी कुत्र्याला पण ‘तुम्ही’ म्हणतात. ‘तुम्ही सोफ्यावरून उतरा बरं,’ असं त्या कुत्र्याला म्हणाल्या, हे निनादने मला समजावून सांगितलं. त्याला इतकी स्पॅनिश कधीपासून यायला लागली, हे मात्र नाही सांगितलं.

जेवता जेवता दोन्या फ्लोरनी फोनमध्ये भाषांतराचं ॲप लावलं, त्यात काहीतरी बोलल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. आतली बाई ठणठणीत हिंदीत म्हणाली, ‘निनाद अब हमेशा हमारे साथ रहेगा. मिल में वह हमारा साझेदार है. मेरा बेटा अमेरिका चला गया, वापस नहीं आया. भगवान ने मुझे आपका बेटा दिया. आपको बधाई.’

निनादचा घास हातातच राहिला.

‘बधाई?’ मी म्हटलं. ‘कसली बधाई? नोकरीचं काय?’

‘आई, ती मी मागच्या वर्षीच सोडली. मी तुला सांगणारच होतो, आत्ता—’

‘आत्ता! तोंडातून परत तो शब्द काढलास तर बघ!’

दोन्या फ्लोरना वाटलं मी आनंदाने ओरडतेय. त्यांनी उठून मला मिठी मारली. सांगा, काय करायचं अशा बाईचं! हिचा मुलगा गेला म्हणून हिने माझा ठेवून घ्यायचा? आणि वर मिठी?

दुसऱ्या दिवशी मी निनादशी एक शब्द बोलले नाही. विलासरावांना उचललं आणि बसने शेजारच्या सान मार्कोसला गेले. बस थोड्या थोड्या वेळाने असते, तिकीट किरकोळ, ड्रायव्हर सुटे देतो. सान मार्कोस मोठं, बाजाराचं गाव. रस्ताभर फळांनी भरलेले ट्रक, तोडणीला आलेल्या मजुरांच्या टोळ्या, मुलांना पाठीशी बांधलेल्या रंगीत झग्यांतल्या बायका. त्यासुद्धा पनामातून आल्या होत्या, मोसम संपला की घरी जाणार होत्या. मला वाटलं, बघा, ह्या पण जातात की परत.

चर्चसमोर एका कॅफेत बसलो. विलासराव कॉफीत बघत म्हणाले, ‘पोरगा खूश दिसतो.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘म्हणजे… थोडंसं.’

‘थोडंसं म्हणजे?’

‘गिरणीचं माहीत होतं. कायमचं नव्हतं माहीत. तू चिडशील म्हणून म्हटलं, आत्ता नको.’

तिथली कॉफी म्हणे जगात नावाजलेली. मला अजिबात चव कळली नाही. भर कॅफेत मी ह्यांना जे काय बोलले ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि दुसरीकडे जाऊन बसला.

आता माझी एक खोड. राग आला की मी भांडी घासते. घरी कुकर आपटल्याचा आवाज आला की विलासराव फिरायला निघून जातात. तिसऱ्या दिवशी पहाटेच उठले आणि दोन्या फ्लोरच्या स्वयंपाकघरात शिरले. तवे घासले, पातेली घासली, ओटा घासला. खिडकीत एका लाकडी घोडीवर कॉफी गाळायची कापडी पिशवी लटकत होती. लांबट, मोज्यासारखी, आणि काळी कुळकुळीत. शी! इंदूरची बाई मी, देशात पहिल्या नंबरच्या स्वच्छ शहरातली. इंदूरहून आणलेला कपड्यांचा साबण काढला, ब्रश घेतला आणि त्या पिशवीवर तीन वर्षांचा राग काढला. पांढरी शुभ्र झाली, तेव्हा कुठे हात थांबले.

नाश्त्याला सगळे जमले. गायो पिंतो होतं, म्हणजे राजमा घालून परतलेला भात. त्यावर विलासरावांनी उरलीसुरली सेंव भुरभुरली. दोन्या फ्लोर पिशवीपुढे क्षणभर थबकल्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि तिच्यातूनच कॉफी गाळली. मी घोट घेतला. फेस! जिभेला सरळ धोबीघाट! पण दोन्या फ्लोर डोळे मिटून ‘रिको, रिको’ करत प्यायल्या, म्हणजे फार छान. विलासराव ‘वा’ म्हणाले आणि त्यांनी अख्खा कप संपवला. पाहुणीचा मान म्हणून एक बाई साबण पितेय, बायकोची भीती म्हणून दुसरा.

निनादने कप खाली ठेवला. ‘आई, ह्यात साबण आहे. ती पिशवी साबणाने धुवायची नसते. कॉफी मुरून मुरून काळी होते, तशीच ठेवतात. तू वाट लावलीस तिची.’

‘वा रे वा!’ मी टेबलावर हात आपटला. ‘हे बरं तोंडावर सांगता येतं तुला! तीन वर्षं काय झालं होतं जिभेला? तसंच सरळ सांग मग. परत येणार आहेस का?’

तो माझ्याकडे बघत राहिला. बापाकडे नाही, दोन्या फ्लोरकडे नाही.

‘नाही,’ तो म्हणाला.

‘विमानतळावर “येतो” म्हणाला होतास.’

‘आई, निघताना सगळेच “येतो” म्हणतात.’

 मी मास्तरीण, शाळेत आयुष्यभर पोरांना ‘गोल गोल बोलू नका, सरळ उत्तर द्या’ म्हणत आले. दिलं त्याने. तो साबणाचा कप मी सगळा प्यायले, रडू येऊ नये म्हणून.

उरलेले दिवस फिरलो. कोपेय नावाच्या वरच्या थंड वाडीत जरूर जा. गिरणीत निनाद जाळीवर पसरलेल्या ओल्या बिया दोन्ही हातांनी सारख्या करतो, तेव्हा तो गुणगुणतो. घरी कधी गुणगुणायचा नाही. हे मी बघितलं, आणि तरी मला राग आला.

निघताना दोन्या फ्लोरनी ती धुतलेली पिशवी कागदात गुंडाळून दिली. निनाद म्हणाला, ‘त्या म्हणतायत, आता ही तुमचीच. रोज गाळलीत की काळी होईल.’ विमानतळावर तो पाया पडला. मी बॅग उचलली आणि म्हटलं, ‘चल, जाते.’

‘आई, “येते” म्हण ना.’

‘निघताना सगळेच म्हणतात,’ मी म्हटलं आणि वळले. दारावरच्या शिपायाने हसून सांगितलं, ‘पुरा विदा.’ ह्या वेळी बरोबर जागी सांगितलं मेल्याने.

आता घरी आहे. जाऊ का, असं विचाराल तर जा, अशी हिरवाई मी दुसरीकडे बघितली नाही. राग गेला का, असं विचाराल तर नाही गेला. पिशवी चहाच्या गाळणीशेजारी खिळ्याला टांगली आहे. रोज तिच्यातून कॉफी गाळते. तळाशी थोडी तपकिरी व्हायला लागली आहे.

परवा शेजारच्या शर्मा भाभी कॉफी प्यायला आल्या. कौतुक करून झालं आणि म्हणाल्या, ‘निनाद कब आ रहा है, विद्याजी?’

मी तोंड उघडलं. ‘नहीं आ रहा’, तीन शब्द. सोपे.

‘बस भाभी,’ मी म्हणाले, ‘आया ही समझो.’

विलासरावांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केला. भाभी गेल्यावर मी आत गेले आणि मांडणीवरची सगळी स्वच्छ भांडी खाली काढून पुन्हा घासली. त्या पिशवीला मात्र हात लावला नाही.