नानांच्या वाटणीचा डेक

पदूनानांनी उभ्या आयुष्यात एकट्याने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे शिंकणं. बाकी सगळ्याला त्यांना माणसं लागत. घरातला दिवा बदलायचा असला तरी नाना आधी रस्त्यावर येत, कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि जो कुणी जाईल त्याला हाक मारत, "ये रं, जरा हात लाव." मग एकजण स्टूल धरी, एकजण दिवा हातात देई, एकजण बटण बंद आहे ना ते पाही, आणि नाना खाली उभे राहून वर बघत. काम झालं की सगळ्यांना चहा. काकू बिचाऱ्या सकाळी मोठंच पातेलं चढवून ठेवत.

मी पुण्यातली नोकरी सोडून गावात आलो. नागावला येणाऱ्या पर्यटकांसाठी मला दोन खोल्या बांधायच्या होत्या. पहिल्याच सकाळी मी दात घासत फाटकाशी उभा होतो, तर नानांनी मला गाठलं. कुणाचा कोण ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "बरा भेटलास." त्यांना फ्रीजचं तोंड उत्तरेला करायचं होतं. उत्तरेकडून वारा येतो, म्हणजे फ्रीजला मेहनत कमी, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "जड असेल हो नाना." नाना माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "जड काय नसतं रं. उचलला का हलका." फ्रीज उचलल्यावरही जडच होता. तोंडातला ब्रश तसाच ठेवून मी तो उत्तरेला फिरवला आणि त्या दिवसापासून नानांच्या माणसांत जमा झालो.

नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंत यांची मिळून एक बोट होती, फायबरची. सुट्ट्यांत ती किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून आणी, आणि एरवी जुन्या घराच्या अंगणात पत्र्याच्या मांडवाखाली विसावलेली असे. वडील गेल्यावर भावांची वाटणी झाली. जुनं घर वसंतकाकांना, रस्त्याकडची जागा नानांना. नानांनी तिथे नवं घर बांधलं. माड वाटले, भाताची खाचरं वाटली, तांब्याचे हंडे वाटले. बोटीपाशी मात्र गाडं अडलं. ती विकायला दोघेही तयार नव्हते आणि दुसऱ्याला द्यायलाही नव्हते. वाटणीला बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण वैतागून म्हणाला, "मग कापून घ्या." तो चिडून बोलला होता, पण नानांना ते पटलं.

फायबरची बोट दोन भागांत बनते. खालचं बूड वेगळं आणि त्यावर बसवलेला डेक वेगळा. डेक म्हणजे मोठं झाकणच म्हणा ना. ते कडेने स्क्रू मारून जोडतात आणि सांधा बुजवून टाकतात. "वरचा माजा, खालचा त्याचा," नाना म्हणाले. आमच्याकडे माडीच्या घरांची वाटणी अशीच होते, त्यामुळे पंचांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. अशा रीतीने नानांना झाकण मिळालं, वसंतकाकांना बूड मिळालं आणि समुद्राला काहीच मिळालं नाही. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. नानांनी गावातल्या प्रत्येकाला कामाला लावलं असेल, पण सख्ख्या भावाच्या दारावरून जाताना ते मान फिरवून आकाशाकडे बघत जात. काकू म्हणायच्या, "एक दिवस गटारात पडतील, मग बघतील खाली."

वर्षभर डेक बुडावरच राहिला. मग एका मार्चमध्ये बातमी आली, की वसंतकाकांनी डेकवर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली आहे. नाना भडकले. "माज्या डेकवर त्याची कोंबरी? त्याच्या बुडात बसव म्हनावं!" डेक घरी आणायचाच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आणून करणार काय, असं मी विचारलं. "डोक्यावर घीन! माल माजा हाय," असं उत्तर आलं. मग त्यांनी झाडून सगळ्या मित्रांना फोन केले. प्रत्येकाला एकच निरोप होता, "शनवारी उन्हं कलली का वसंताच्या अंगनात या. डेक काढायचा हाय."

आता आमच्या भागात बोटीचा डेक किती जणांना ठाऊक असणार? आमच्याकडे डेक म्हणजे हळदीला गाणी वाजवतात तो. त्यातून वसंतकाकांच्या मुलीच्या लग्नाचं कुठेतरी चाललं होतंच. लोकांनी दोन आणि दोन सात केले. भावाभावांचं जुळलं, पोरीची हळद ठरली आणि नाना डेक लावतायत! शनिवारी अंगणात नानांचे सगळे मित्र हजर झाले ते एकसारखे पिवळे शर्ट आणि काळे गॉगल घालून. साऊंडवाला रमाकांत तर माणसाएवढे बॉक्स टेम्पोत रचूनच आला. "नाना, डेक मी आनलाय," तो म्हणाला, "तुमी आनी कुठला काढता?" नानांनी पिवळ्या शर्टांवरून नजर फिरवली. "मानसं आली ना? बास," असं म्हणून ते कामाला लागले.

कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. वसंतकाका घरातून खुर्ची घेऊन आले आणि आपल्या बुडाशेजारी पहाऱ्याला बसले. दोघा भावांमध्ये हातभर अंतर होतं, तरी बोलणं माझ्यामार्फत चालू होतं.

"सांग त्याला, माज्या बुडाला चरा जाता नये."

"त्याला सांग, तुज्या बुडाला हात लावायची मना हौस न्हाय."

पिवळे शर्ट तोंड फिरवून हसत होते. मला तीही सोय नव्हती. मग पहिला स्क्रू निघाला आणि तो कुणाचा, यावर काम थांबलं. नानांचं म्हणणं, स्क्रूचं डोकं डेकमध्ये आहे, म्हणजे स्क्रू डेकचा. वसंतकाकांचं म्हणणं, टोक बुडात होतं, आणि धरून ठेवतं ते टोक. या दोन्ही बाजू मी गंभीर चेहऱ्याने इकडून तिकडे पोचवत होतो. शेवटी रमाकांतने तोडगा काढला, एक स्क्रू याला, एक त्याला. मग दोन वाडग्यांत स्क्रू पडत राहिले आणि दोघे भाऊ एकमेकांच्या वाडग्यावर लक्ष ठेवून बसले.

सांधा ग्राइंडरने कापावा लागला. त्यातून पिठासारखा पांढरा धुरळा उडाला आणि सगळ्यांच्या अंगावर बसला. फायबरची ती बारीक कूस एकदा कातडीत शिरली, की माणूस बसू शकत नाही आणि उभाही राहू शकत नाही. सगळा पिवळा जथा खाजवायला लागला. "नंतर खाजवा!" नाना ओरडले. "हात लावा! उचलला का हलका!" डेक उचलला गेला, पण हलका काही झाला नाही. तो घेऊन आम्ही टेम्पोशी गेलो, तर टेम्पो बॉक्सनी गच्च भरलेला.

"बॉक्स उतरव," नाना म्हणाले.

"उतरवीन, पन मग डेक कुठं ठेवू?"

"डेक टेम्पोत."

"टेम्पोतच तर हाय!"

हे बराच वेळ चाललं. तोवर डेक आमच्या हातांतच होता. अखेर असं ठरलं, की रमाकांतने टेम्पो पुढे न्यायचा आणि आम्ही डेक डोक्यावर घेऊन मागून जायचं. सगळ्यात पुढे, डेकच्या निमुळत्या नाकाखाली, नाना स्वतः शिरले. त्यांच्या मागे मी. आत शिरल्यावर जग बंद झालं. पायाखालची हातभर जमीन आणि नानांच्या भेगाळलेल्या टाचा, एवढंच मला दिसत होतं.

हौस म्हणून असेल किंवा सवय म्हणून, रमाकांतने गाणी लावून दिली. आता असं बघा, पुढे दणदणतं गाणं आणि मागून एक पांढरं प्रचंड झाकण चाललंय, त्याखाली नुसते पाय. हात वर अडकलेले, त्यामुळे खाजवता येत नाही, म्हणून प्रत्येकजण जागच्या जागी अंग घुसळतोय. दारादारांतून बाया बाहेर आल्या. हळदीचा नवा नाच निघालाय अशी त्यांची समजूत झाली. एक मावशी तर ताट घेऊन ओवाळायलाच आली आणि वाकून आत बघत म्हणाली, "नवरी कुठं हाय?"

"नवरी न्हाय, डेक हाय!" नाना आतून ओरडले.

"डेक तर पुढं गेला!" मावशी म्हणाली. तरीही तिने ओवाळलं, आणि कुणाला ते मला दिसलं नाही.

विहिरीपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे नानांचं नवं घर आहे. डावी वाट माडांच्या मागून वळसा घेते आणि परत जुन्या घराच्या अंगणात येते. गाणं उजवीकडे गेलं. नानांच्या टाचा मात्र थांबल्या. आम्हाला वाटलं, दम लागला. मी बघत होतो, त्यांचा उजवा पाय उजवीकडे अर्धा उचलला गेला, पुन्हा जागेवर टेकला, आणि मग दोन्ही टाचा सावकाश डावीकडे वळल्या.

"नाना, गाना तिकडं गेला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गान्याचं काय ऐकता? माज्या मागनं या!"

मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. नाना जन्मल्यापासून त्या गावात राहत होते. त्या विहिरीपाशी त्यांची वाट चुकणं शक्यच नव्हतं. डोक्यावर एवढं ओझं आणि अंगाला आग लागलेली, तरी मला एकदम हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

आम्ही डेक खाली टेकवला आणि सगळे डोकी बाहेर काढून बघतात, तर समोर वसंतकाका. त्याच खुर्चीवर, उघड्या बुडाशेजारी बसलेले. "आरं! ह्ये कुठं आलो?" नाना म्हणाले. गावातल्या कुठल्याही नाटकात त्यांना काम का दिलं नाही, ते मला त्या क्षणी कळलं. वसंतकाकांनी डेककडे बघितलं, नानांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं. मी निरोप पोचवायला सरसावलो, पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत.

"उघड्यावर नको ठेवू दादा," ते म्हणाले. "उन्हानं तडकंल."

अंगणात सावली एकाच ठिकाणी होती, मांडवाखाली, आणि ती सगळी बुडाने अडवलेली होती. म्हणजे सावलीत ठेवायचा तर डेक बुडावरच ठेवावा लागणार, हे दोघांच्याही ध्यानात आलं. "तात्पुरता," नाना म्हणाले. "तात्पुरताच," वसंतकाका म्हणाले. मग आम्ही तो पुन्हा उचलला, आणि तासाभरापूर्वी जिथून काढला होता तिथेच नेऊन ठेवला. या खेपेला एक कोपरा वसंतकाकांनी धरला होता.

तिकडे नव्या घरी काकू नारळ घेऊन दारात उभ्या होत्या. टेम्पो आला, गाणं आलं, पण डेक नाही. रमाकांत मागे बघून चक्रावला. काकूंना मात्र उलगडा झाला. त्या नारळासकट टेम्पोत रमाकांतच्या शेजारी चढून बसल्या आणि वाजतगाजत जुन्या घरी आल्या. "नारल आनलाय, फोडा कुठं बी," असं म्हणून त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. दोघी जावा वर्षभर फोनवर बोलत होत्या, हे मग कळलं. वसंतकाकूंनी आमची खाजवाखाजव पाहून खोबरेल तेलात हळद कालवून आणली. आम्ही सगळे पिवळे शर्ट काढून हळद चोळत बसलो, रमाकांतने आवाज वाढवला, आणि नवरी-नवऱ्यावाचून हळद दणक्यात पार पडली. नाना आणि वसंतकाका एकमेकांच्या पाठीला हळद लावत होते, कारण पाठीवर आपला हात पोचत नाही.

त्यानंतर नाना रोज दुपारी जुन्या घरी जायला लागले. "माल माजा हाय, बगायला नको?" ते डेकवर मांडी घालून बसत. वसंतकाका बुडाला काही होऊ नये म्हणून शेजारी खुर्ची टाकत. चहा होई, पत्ते होत, सरकारपासून सुरमईपर्यंत सगळ्यांचा उद्धार होई. मी कितीदा तरी म्हटलं, माणसं बोलावतो, डेक बसवून टाकू, मोसम चालू होईल. आणि दिवा बदलायला गाव गोळा करणारे नाना म्हणत, "घाई काय हाय रं?" वसंतकाका म्हणत, "मुहूर्त बगू." किनाऱ्यावर पर्यटक आले आणि गेले. बोट मांडवाखालीच राहिली, झाकण नुसतं वर ठेवलेलं. मला वाटे, हट्ट अजून संपलेला नाही.

गेल्या श्रावणात नाना गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अजूनही रस्त्याने जाताना कुणीतरी हाक मारील असं वाटतं, आणि कुणी मारत नाही याचं फार वाईट वाटतं.

दिवसकार्य आटोपल्यावर वसंतकाकांचा मला फोन आला. "मानसं घेऊन ये. डेक बसवून टाकू." आम्ही सगळे गेलो. काकूही आल्या होत्या. दुपारभर काम चाललं, कुणी थट्टा केली नाही. वसंतकाका स्वतः सांधा भरत होते. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, नाना असतानाच हे केलं असतं, तर दोघं मिळून समुद्रात गेला असतात. का नाही बसवला?"

वसंतकाकांनी हात थांबवला नाही.

"बसवला असता तर वाटनी मिटली असती," ते म्हणाले. "मग त्याला रोज यायला काय कारन व्हतं?"