हरेश्वरचं ‘नाहीतर’

“माझ्या पोरीचं लग्न कुठं गेलं?” आमच्या समाजाच्या वेबसाइटचं कार्यालय म्हणजे गिरीजला हरेश्वरच्या वाडीतली पंपाची खोली. तिच्या दारात उभे राहून जगूकाका असे ओरडले, की केळीचे चार घड जागीच गळाले. चारच. तीन म्हणणारा तिथं नव्हता.

झालं असं, की वेबसाइटच्या मागल्या बाजूला नियम लिहायची एक चौकट असते. अमुक असेल तर तमुक कर, म्हटलं की ती मुकाट करते. वेबसाइट चालवणाऱ्या हरेश्वरने त्यात लिहून ठेवलं होतं : निधनवार्ता असेल तर तेरा दिवस लग्नाच्या बातम्या लपव. सुतकात सनई नको, इतका साधा विचार. पण आमच्याकडचे म्हातारे लग्नसराई गाठूनच जातात! एकाचा तेरावा होतोय तोवर दुसऱ्याची तयारी. अख्खा मोसम वेबसाइट सुतकात, आणि काकांचे दुबईचे व्याही फोनवर विचारतायत, लग्न मोडलं का?

हरेश्वरने चौकट उघडली. “काका, ‘नाहीतर’ लिहायचं राहिलं माझं.” मग लिहिलं : भावकी एक असेल तर लपव, नाहीतर दाखव. तेव्हापासून त्याला त्या शब्दाचं वेडच लागलं. “दूध असेल तर चहा टाक. नाहीतर?” तो वाडीतून हाक द्यायचा. “नाहीतर गप्प बसा,” वहिनी घरातून.

गेल्या महिन्यात हरेश्वर गेला… त्याची निधनवार्ता मीच वेबसाइटवर चढवली, आणि बटण दाबल्यावर आठवलं. त्याच्या पुतणीचं लग्न महिन्यावर आलेलं. तारीख घरच्यांनी कायम ठेवलेली. भावकी तीच, म्हणजे तिची बातमी आता गायब. पुन्हा व्याह्यांचे फोन, पुन्हा तो घोर! बघतो तर बातमी जागच्या जागी, शेजारीच निधनवार्तेच्या फोटोत हरेश्वर हसतोय. असं कसं? चौकट उघडली, नियम चाळत खाली गेलो. अगदी तळाला एक ओळ होती : मयत हरेश्वर असेल तर काहीही लपवू नको.

वहिनी तिथंच, पंपाच्या खोलीत, विड्याची पानं निवडत होत्या. त्यांना ओळ वाचून दाखवली. म्हटलं, “वहिनी, चहालासुद्धा ‘नाहीतर’ लावणारा माणूस… इथंच कसं नाही लावलं?”

त्यांनी एक डागी पान बाजूला टाकलं.

“मेल्यावर कसलं नाहीतर.”