दफेदाराला मैदान हवं

कुंडलिक दफेदार घरी परतला तेव्हा कऱ्हाटीच्या लोकांना वाटलं, आता हा माणूस बसेल. चाळिशी उलटली होती. तरणेपण सगळं एका संस्थानाच्या रिसाल्यात गेलं होतं. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडी लिलावात निघाली. आता ओट्यावर बसावं, तंबाखू मळावी, लढाईच्या गोष्टी सांगाव्यात.

कुंडलिकाला बसताच येईना. उजाडायच्या आत तो गावाला वळसा घाली. दुपारी पुन्हा. अर्धी भाकरी ताटात टाकून गोठ्यात जाऊन येई. आणि लढाईची एकही गोष्ट त्याच्यापाशी नव्हती. तो लढलाच नव्हता. तो स्वारीचा मास्तर होता.

एका गोऱ्या साहेबाकडून तो एक विद्या शिकला होता. साहेब तिला ड्रेसाज म्हणे. रिसाल्यातले लोक म्हणत, शिस्तीची चाल. स्वार नुसता बसल्यासारखा दिसतो. चाबूक नाही, ओरडणं नाही. आणि घोडं आडवं चालतं, मागं सरतं, उभ्या जागी पावलं टाकतं. टाच कुठं टेकली, मांडी कुठल्या अंगाला जड झाली, एवढ्यावर सगळा कारभार. सरदारांची पोरं त्याच्या हाताखाली ही विद्या शिकली आणि विसरून गेली. त्याला विसरता येत नव्हतं.

रतन तेवढी त्याच्याबरोबर आली. तांबडी घोडी. उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, म्हणून लिलावात तिला कोणी हात लावला नाही. पागेच्या अधिकाऱ्यानं निरोपाच्या दिवशी दोर त्याच्याच हातात दिला.

घराची एक मळई कऱ्हेच्या काठाला होती. नदीनं आणून टाकलेली मऊ माती. बाकी सगळं रान मुरमाड. कडक जमिनीवर शिकाऊ घोडं फिरवलं की त्याचे पाय भरतात. कुंडलिकानं मळईवर रतनला एक फेरी मारली, टापांचा आवाज ऐकला, आणि तिथंच ठरवून टाकलं. इथं घोडी शिकवायची. लोकांची घोडी येतील, शिकून जातील.

"घोड्याला साळा?" थोरला भाऊ गेणबा म्हणाला. "हितं पोरांना न्हाय अजून."

"आबा, मळई तेवढी दे. माझ्या वाट्याचं बाकीचं रान तूच पीक."

"मळईत कांदा कसा येतो ठावं हाय का तुला?"

"मला मैदान पायजे."

गेणबा वाईट माणूस नव्हता. विहिरीवर त्यानं नवं इंजिन बसवलं होतं. पाणी मळईला पोचत होतं आणि मळई मोकळी पडलेली त्याला बघवत नव्हती. 

"संक्रांतीपतोर बघतो," तो म्हणाला. "तवर दुसऱ्याचं एक जरी घोडं हितं शिकाया आलं, तर मळई तुझी. न्हाय आलं तर मी कांदा लावणार. मग रुसून बसायचं न्हाय."

कुंडलिक कामाला लागला. मळईच्या कडेनं बाभळीच्या मेढी रोवून कुंपण केलं. मधोमध खांब उभा केला. रोज सकाळी रतनकडून तो त्याच चाली घोटून घेई. लोक नदीवर जाताना थांबून बघत. घोडी आडवी चालली की हसत.

घोडं मात्र कोणाचं येईना.

बारामतीचा सावळाराम टांगेवाला पाव्हण्यांना सोडायला अधूनमधून कऱ्हाटीला यायचा. कुंडलिकानं त्याच्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवला.

"हे बुजतं वाटतं?"

"लॉरी दिसली की उलटं फिरतं. कालच दोन बायका गटारात टाकल्या."

"माझ्याकडं धाड. बुजणं काढतो."

"आन् तवर टांग्याला तुमाला जुंपू व्हय, दफेदार?" सावळारामनं लगाम झटकला. "आमचं घोडं पोटाला हाय. त्येला आडवं चालून कुठं जायाचंय?"

पावसाळा सरला, दिवाळी गेली. कुंडलिकाची झोप कमी झाली. त्याची बायको बनाबाई एकदा चुलीपुढून म्हणाली, "अवं, जरा बसा की एका जागी. तुमच्या येरझाऱ्यांनी माझं सारवण उखडलं."

तुळशीचं लग्न झालं आणि भवानीनगरकडचे बागायतदार मानसिंगराव जीपमधून आले. नव्या साखर कारखान्याच्या खटपटीत ते पुढं होते. ऊस मोठा, बोलणं त्याहून मोठं. त्यांच्या मुलाचं, सिद्धूचं, लग्न इंदापूरकडच्या एका गावात ठरलं होतं.

"दफेदार, परण्याच्या मिरवणुकीला नाचरं घोडं पाहिजे. तुमची घोडी नाचते म्हणतात."

"ती नाचत न्हाय. चालती."

"उभ्या उभ्या पावलं टाकते ना? मग आणखी काय असतं नाचणं!"

कुंडलिकाच्या कपाळावरची शीर उठली. नाचरी घोडी त्याला ठाऊक होती. दोन खांबांत बांधून, पायांवर छड्या मारून, हलगीच्या तालावर तयार केलेली. छडी दिसली की थरथरणारी. रतनला त्या रांगेत बसवायचं त्याच्या जिवावर आलं. पण संक्रांत जवळ आली होती. वऱ्हाडात शेपन्नास गावचे बागायतदार असणार. त्यांच्याकडं घोडी होती. त्यांनी एकदा रतन बघितली तर?

"आणतो," तो म्हणाला. "पर तिला कुणी छडी दाखवायची न्हाय."

लग्नाच्या दिवशी त्यानं रतनला आरशासारखं पुसलं. रिसाल्याचं खोगीर चढवलं. नवरदेव आला. सिद्धू पुण्याला कॉलेजात शिकला होता. सायकल चालवायचा. घोड्यावर जन्मात बसला नव्हता. दोघांनी त्याला उचलून वर ठेवला. डोळ्यांपुढं मुंडावळ्या, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. लगाम धरायला हात मोकळाच नव्हता. मानसिंगराव म्हणाले, "दफेदार, तोंडाशी धरून चाला."

"रतनला धराया लागत न्हाय," कुंडलिक म्हणाला.

ही त्याची चूक. एवढ्या लोकांसमोर घोडी मोकळी चालवून दाखवायची हौस त्याला आवरली नाही. नवरदेवाला तर एक शब्दही सांगितला नाही. घोडीला सगळं कळतं, एवढंच त्याच्या डोक्यात.

जानवसघरापासून परण्या निघाला. मारुतीचं देऊळ समोर दिसत होतं. हलगी कडाडली. सिद्धू घाबरला. त्यानं दोन्ही टाचा घोडीच्या पोटाला गच्च लावल्या. रतननं कान मागं घेतले. मग ती उभ्या जागी पावलं टाकू लागली. एक पाय, दुसरा पाय, मान कमानदार.

"नाचली! नाचली!" गर्दी ओरडली. मानसिंगरावांनी फेटा सावरला.

सिद्धू आणखी घाबरला. टाचा मागं सरकल्या, अंग मागं रेललं. रिसाल्यात याचा एकच अर्थ होता. रतन माघारी चालू लागली. सरळ रेषेत, एकेक पाऊल मोजून, अगदी साहेबाला आवडलं असतं असं. हलगीवाले पांगले. मागच्या करवल्या किंचाळून बाजूला झाल्या. मारुती लांब लांब जाऊ लागला.

नवरीचा मामा पुढं धावला. "अहो, नवरदेव माघारी निघाला! हे काय आरंभलंय?"

"लग्न मोडायचं लक्षण हाय!" कोणी म्हातारी बोलली.

सावळाराम बारामतीचं वऱ्हाड घेऊन आला होता. तो टांग्यावर उभा राहून पोट धरून हसत होता. त्याला स्टेशनवर माणसं पोचवायची होती. हसतहसतच त्यानं टांगा हाकला.

"दफेदार, धरा तिला!" मानसिंगराव गरजले. कोणीतरी काठी उचलली.

"काठी खाली!" कुंडलिकाचा आवाज रिसाल्यातला होता. काठी खाली गेली.

एक पाऊल टाकलं असतं तर लगाम हातात आला असता. पण तोंडाशी धरून नेलेल्या घोडीकडं बघून कोणीच आपलं घोडं त्याच्याकडं धाडणार नव्हतं. आणि न धरावं तर ती जानवसघराच्या भिंतीला जाऊन टेकणार होती.  तो घोडीकडं गेलाच नाही. नवरदेवाच्या गुडघ्याशी जाऊन चालू लागला.

"सिद्धूराव. पाय सोडा."

"पडेन मी!"

"न्हाय पडत. वाळत घातलेल्या धोतरावानी सोडा. नुसते लोंबू द्या."

सिद्धूनं डोळे मिटले आणि पाय सोडले. रतन थांबली. हलगीही थांबली होती. आता सगळं गाव ऐकत होतं.

"ताठ बसा. आता दोन्ही टाचा हलक्या लावा. लेकराला झोपेतनं उठवतो तशा. आन् लगेच सोडा."

टाचा लागल्या. रतन पुढं निघाली. सिद्धूनं डोळे उघडले.

"ही माझं ऐकते?"

"मघापासनं तुमचंच ऐकती. माघारी तुमीच नेली तिला."

 मग नवरीचा मामाच म्हणाला, "म्हणजे घोडी तयार होती, जावईबापूच कचरत होते म्हणा की!" आणि हशाचा लोट उठला. हलगी पुन्हा वाजली. देवळापाशी कुंडलिक हळूच म्हणाला, "आता उजवी टाच." रतननं आडवी पावलं टाकत नवरदेवाला पायरीला लावलं. उतरताना सिद्धूचा चेहरा घामानं भिजलेला होता, पण तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक निघण्याच्या तयारीत असताना, हळद लागलेल्या अंगानंच तो त्याच्याकडं आला. "मास्तर, मला शिकवा. आमचा घोडाही आणतो. तो तर कोणाचंच ऐकत नाही."

"कऱ्हाटीला या," कुंडलिक म्हणाला. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो खोगीर कसायला वळला.

वाटेत घोडीला विसावा देत देत तो घरी पोचला. दुरून त्याला मळई चमकताना दिसली. त्याला आधी कळेना की काय चमकतंय.

पाणी होतं. कुंपणाच्या मेढी उपटून बांधावर रचल्या होत्या. वाफे पाडले होते. बायका ओळीनं कांद्याची रोपं लावत होत्या. बनाबाई चिखलात माखून बांधावर बसली होती.

"मी पाटात हुबी ऱ्हायले," ती म्हणाली. "म्हणलं, फोडा माझ्यावरनं पाणी. तर भावजींनी वरच्या अंगानं दुसरा पाट काढला."

गेणबा वाफ्यातून वर आला. नजर जमिनीकडं होती.

"सावळाराम सांगून गेला, घोडीनं नवरदेव माघारी नेला. समदं लगीन हासलं. म्हणलं, आता कोण घोडं धाडतंय? रोप म्हातारं होत हुतं रं."

"सावळाराम शेवटपतोर थांबला हुता का?"

"...न्हाय. गाडी गाठायची हुती त्येला."

"मग तू तरी थांबायचं, आबा. संक्रांत कुठं आली?" कुंडलिकानं घोडीचा दोर दुसऱ्या हातात घेतला. "घोडं येतंय. मानसिंगरावाचं. पोरगाबी येतोय."

गेणबाच्या हातातलं रोप तसंच राहिलं. बायका लावायच्या थांबल्या. "उपटतो," तो शेवटी म्हणाला. "आत्ता उपटतो समदं."

कुंडलिकानं मळईकडं पाहिलं. भिजलेली माती आता उन्हाळ्याशिवाय टापेखाली टिकणार नव्हती. उन्हाळ्यापर्यंत थांबणं त्याला जमलं नसतं. आणि लावलेलं रोप उपटताना बघणं, तेही जमलं नसतं.

"राहू दे," तो म्हणाला. "लावलंयस तर आता पाणी चुकवू नको."

रात्र काढून तो पुन्हा निघाला. मानसिंगरावांना त्यानं जमीन मागितली. ते हसले. "माळ आहे आमचा कालव्याच्या वरच्या अंगाला. तिथं पाणी चढत नाही. दगडाशिवाय काही पिकत नाही. चालेल?"

"मऊ करून घेईन."

बनाबाईनं माळ बघितला आणि डोक्यावरचं बोचकं खाली ठेवायला तयार होईना. "मळई सोडून हितं? घोडीपायी मी दगूड येचू?"

"तू बस. मी येचतो."

"बसायचं तुमी मला शिकवणार?" ती म्हणाली, आणि पाटी शोधू लागली.

त्या दोघांनी तो माळ वेचला. सिद्धू यायचा, त्याच्या हाताला फोड यायचे, तरी पुन्हा यायचा. ओढ्याची वाळू गाडीनं आणली. उसाच्या फडात जाळायला टाकलेलं पाचट आणलं, बारीक तोडून वाळूत मिसळलं. पहिल्यांदा घोडं घसरलं. वाळू वाढवली. मग धूळ उठली. पाणी शिंपडलं. कुंडलिकाला कशानंच समाधान होईना.

सिद्धूचा घोडा शिकला. मग शेजारच्या बागायतदाराचा आला. कारखाना उभा राहिला, रस्त्यावर उसाच्या लॉऱ्या वाढल्या आणि घोडी बुजू लागली, तेव्हा टांगेवालेही येऊ लागले. सावळाराम आला तो मान खाली घालून.  कुंडलिकानं घोड्याला चारा टाकला आणि सावळारामलाच वर बसवला. "आदी तुमचं बुजणं काढू," तो म्हणाला.

गेणबा एका उन्हाळ्यात कांद्याचं पोतं घेऊन आला. छपराखाली टाकून उभा राहिला. मैदानात सिद्धू रतनवर होता. घोडी दुडक्या चालीनं गोल फिरत होती.

"मळई मोकळी हाय आता," गेणबा म्हणाला. "पाणी तोडलंय. परत चल, कुंडलिका. हे उघड्या माळावर किती दिस?"

कुंडलिक उत्तर देणार होता. त्यानं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यात टापेखाली वाळूतला दगड टक्क असा वाजला. फक्त एकदा.

"थांबवा!" तो ओरडला.

रतन थांबली. कुंडलिक भावाला तिथंच सोडून मैदानात गेला. कोपऱ्यात गुडघे टेकून त्यानं दोन्ही हातांनी वाळू उकरायला सुरुवात केली. गेणबानं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानं छपराच्या मेढीला टेकवलेली पहार उचलली आणि तोही आत गेला.