ॲक्सिलरेटरवरचा हलका पाय

माझ्या बायकोने गाडी चालवणं सोडलं ते माझ्यामुळे. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नाही.

ऐंशी सालाच्या आसपास मी एक जुनी गाडी घेतली. तिची सगळी दुरुस्ती मी स्वतः करायचो आणि त्याचा मला फार अभिमान होता. बायको जरीपटक्याला एका शाळेत शिकवायची, दोन बस बदलून जायची. गाडी आली तशी ती म्हणाली, "मीच शिकते ना चालवायला." शिकली, लायसन्सही काढलं. चालती गाडी ती माझ्यापेक्षा नीट न्यायची. पण थांबलेली गाडी उचलताना इंजिन आचका देऊन बंद पडायचं.

"क्लच लवकर सोडतेस तू," मी म्हणायचो.

"क्लच नाही जी. ॲक्सिलरेटर हळू दाबलं का मरते, झटक्यानं दाबलं का उचलते. एकदा खोलून पहा ना."

"मंग माझ्या पायानं काहून नाही मरत?"

"तुम्ही झटक्यानंच दाबता."

मी हसलो. खोलून काही पाहिलं नाही.

एका रविवारी बहिणीकडे जेवून निघालो. निरोप द्यायला सगळे फाटकाशी उभे. बायको स्टिअरिंगवर बसली. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. बहिणीचा नवरा ओरडला, "वहिनी, गाडी हाय, खीर नाही! मंद आचेवर नाही होत!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. वर म्हणालो, "सरक वं, तिकडे बस." मी पाय दाबला आणि गाडी निघाली. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी ती बसने शाळेत गेली आणि मग बसनेच जात राहिली.

काही महिन्यांनी माझा उजवा घोटा मुरगळला. सूज उतरली होती, पण पाय दाबला की कळ यायची. तशातच इतवारीच्या बाजारात भांडी आणायला गेलो. हातगाड्यांच्या गर्दीत जपून, हळू पाय टेकवला आणि इंजिन बंद. पुन्हा तेच. मागचा हातगाडीवाला म्हणाला, "ओ भाऊ, चालवता येत नाही त काहून आणता गर्दीत?"

घरी आल्यावर एअर फिल्टर काढला, इंजिन सुरू ठेवून कार्बोरेटरची झडप बोटाने हलवून पाहिली. सावकाश उघडली की इंजिन मरे, झटक्याने उघडली की जगे. झडपेच्या कडेला एक बारीक भोक असतं. झडप जराशीच उघडते तेव्हा पेट्रोल तिथून येतं. ते कचऱ्याने बुजलं होतं. जोरात दाबलं की दुसऱ्या वाटेने पेट्रोलची पिचकारी उडायची, म्हणून माझ्या पायाला ते कधी कळलं नव्हतं. कार्बोरेटर खोलून धुतलं, भोकातून हवा मारली. गाडी लोण्यासारखी उचलू लागली.

हात पुसत आत गेलो. ती वह्या तपासत होती.

"आता चालवून पहा," मी म्हणालो.

"काय निघालं?"

"काही नाही. जरा सफाई केली."

तिने माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या," म्हणाली. "मले नाही जमत ते."

'तुझंच बरोबर होतं' एवढंच म्हणायचं होतं. मी परत अंगणात गेलो आणि गाडी उगाचच पुसत बसलो. पुढे गाडी विकली. तिच्या लायसन्सची मुदत संपली. तिने ते पुन्हा काढलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

यंदा एकदा, दोघंच जेवायला बसलो असताना, मी तिला सगळं सांगितलं. भोक, कचरा, इतवारी. मन हलकं होईल असं वाटलं होतं.

तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तुम्हाले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "मी आजवर धरून चालली होती, का तुम्हाले कधी कळलंच नाही."